कंट्री संगीत, रिपब्लिकन मत आणि पोल्याचं मडकं

अमेरिकेतली निवडणूक जवळ आली की एक विधान हमखास कानावर पडतं. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत ते असतं आणि इथल्या समाजमाध्यमांवरही असतं: 'कंट्री संगीत ऐकणारा रिपब्लिकन, हिपहॉप ऐकणारा डेमोक्रॅट.' पाठोपाठ कारणही येतं. कंट्री गाण्यांत गाव, शेत, चर्च आणि पिकअप ट्रक असतो, म्हणून ती आवडणारा माणूस मुळातच परंपरावादी. थोडक्यात, आवड हा स्वभावाचा आरसा आणि मतही त्याच स्वभावातून येतं.

यातलं पहिलं विधान आजच्या अमेरिकेत बऱ्याच अंशी खरं आहे. २०१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या मिखाल कोसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी फेसबुकवरच्या ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या 'लाइक्स' तपासल्या. एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन अशी जोडी पुढे ठेवली, तर कोण कुठल्या पक्षाचा हे नुसत्या लाइक्सवरून १०० पैकी सुमारे ८५ वेळा बरोबर सांगता येत होतं. या लाइक्समध्ये गायक होते, ब्रँड होते, टीव्ही मालिका होत्या. तेव्हा शितावरून भाताची परीक्षा होते, हे मान्य. पण शीत असं का शिजलं, याचं जे उत्तर दिलं जातं ते मला अजिबात पटत नाही. न पटण्याचं कारण आधी इतिहासात सापडतं आणि मग एका फार सुंदर प्रयोगात.

इतिहास थोडक्यात. जिमी डेव्हिस हा कंट्री गायक १९४४ मध्ये लुइझियाना राज्याचा गव्हर्नर झाला आणि १९६० मध्ये पुन्हा झाला. दोन्ही वेळा डेमोक्रॅटिक पक्षाकडून. रॉय अकफ हा नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कार्यक्रमाचा लाडका तारा १९४८ मध्ये टेनेसीच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, तो रिपब्लिकन म्हणून, आणि हरला. संगीत एकच, पक्ष दोन. वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ, खाणकामगारांचं राज्य घ्या. १९३२ ते १९९६ या काळातल्या अध्यक्षीय निवडणुकांत ते फक्त तीनदा रिपब्लिकन पक्षाकडे गेलं. २००० पासून ते एकदाही डेमोक्रॅटिक झालेलं नाही, आणि २०२४ मध्ये तिथली सुमारे ७० टक्के मतं ट्रम्प यांना पडली. तिथल्या लोकांनी या काळात आपलं बँजो आणि फिडल टाकून दिलं नव्हतं. गाणं तेच राहिलं आणि मत बदललं. आवड आणि मत एकाच स्वभावातून उगवत असतील, तर हे कसं घडावं?

आता प्रयोग. कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी तो केला आणि २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापला. त्यांनी फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली आणि १४,३४१ लोकांना तिथे आणलं. आलेला प्रत्येक जण गाणी ऐकायचा, गुण द्यायचा आणि हवं तर गाणं उतरवून घ्यायचा. काही जणांना फक्त गाण्याचं आणि बँडचं नाव दिसायचं. हा 'स्वतंत्र' गट. बाकीचे लोक आठ वेगवेगळ्या 'जगांत' वाटून टाकले होते. तिथे प्रत्येक गाण्यापुढे, त्याच जगातल्या आधीच्या लोकांनी ते किती वेळा उतरवलं, तो आकडा दिसायचा. आठही जगं शून्यापासून सुरू झाली आणि एका जगाचा आकडा दुसऱ्या जगाला कळत नव्हता.

मला या रचनेचं फार अप्रूप वाटतं. इतिहास आपल्याला एकदाच मिळतो. एखादा गायक लोकप्रिय झाला की 'तो चांगलाच होता, म्हणून झाला' असं म्हणायला आपण मोकळे. पण तोच इतिहास आठ वेळा पुन्हा पहिल्यापासून घडू दिला तर? गुणवत्ताच सगळं ठरवत असेल, तर आठही जगांत तीच गाणी वर यायला हवीत. तशी ती आली नाहीत. '५२ मेट्रो' या बँडचं एक गाणं स्वतंत्र गटात २६ व्या क्रमांकावर, म्हणजे मध्यावर होतं. एका जगात ते पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. स्वतंत्र गटात जी सर्वांत चांगली ठरली ती गाणी सहसा फार खाली गेली नाहीत, सर्वांत वाईट ठरलेली सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्या गाण्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. शिवाय प्रत्येक जगात यशस्वी आणि अयशस्वी गाण्यांमधली दरी स्वतंत्र गटापेक्षा मोठी झाली.

असं का होतं, हे समजायला जॉर्ज पोल्या या गणितज्ञाचं मडकं घ्यावं लागेल. फ्लोरियान एगेनबर्गर आणि पोल्या यांनी १९२३ मध्ये साथीच्या रोगांचा विचार करताना हे प्रारूप मांडलं. मडक्यात एक लाल आणि एक निळा मणी ठेवा. न बघता एक मणी काढा. तो परत टाका आणि त्याच रंगाचा आणखी एक नवा मणी सोबत टाका. पुन्हा काढा, पुन्हा तेच करा. म्हणजे जो रंग एकदा निघाला, तो पुढच्या वेळी निघण्याची शक्यता थोडी वाढते. आधीच्याचं पाहून पुढचा निवड करतो, याचं हे सगळ्यांत साधं गणिती रूप.

हे कागदावर करून पाहा. पहिल्यांदा लाल निघण्याची शक्यता १/२. लाल निघाला की मडक्यात दोन लाल आणि एक निळा, म्हणून दुसऱ्यांदा लाल निघण्याची शक्यता २/३. दोन्ही वेळा लाल: १/२ × २/३ = १/३. दोन्ही वेळा निळा: तितकीच, १/३. उरलेली १/३ एक लाल, एक निळा अशी. तीन वेळा काढलं तर तिन्ही लाल: १/२ × २/३ × ३/४ = १/४. लाल, लाल, निळा या क्रमाने: १/२ × २/३ × १/४ = १/१२. लाल, निळा, लाल या क्रमाने: १/२ × १/३ × २/४, पुन्हा १/१२. निळा, लाल, लाल हा क्रमही १/१२. तिन्ही क्रम मिळून १/४. म्हणजे शून्य, एक, दोन किंवा तीन लाल, चारही निकालांची शक्यता अगदी सारखी. हे असंच पुढे चालतं. १०० वेळा मणी काढला, तर ० पासून १०० पर्यंत लाल निघण्याच्या १०१ शक्यता आहेत आणि प्रत्येकीला बरोबर १/१०१ इतकंच वजन आहे.

याच्या शेजारी नाणेफेक ठेवून पाहा. नाणं १०० वेळा उडवलं, तर छापांची संख्या ४० ते ६० च्या आत राहण्याची शक्यता ९६ टक्क्यांहून जास्त असते. मडक्यात लाल मणी ४० ते ६० वेळा निघण्याची शक्यता जेमतेम २१ टक्के. दोन्हीकडे सुरुवात निम्मी निम्मी. नाण्याला मागचं काही आठवत नाही, मडक्याला सगळं आठवतं.

खरी गंमत याच्याही पुढे आहे. मडक्यात १,००० मणी झाले की नवा मणी प्रमाणाला हजारात एकानेही हलवू शकत नाही. प्रमाण कुठेतरी स्थिरावतं. एका मडक्यात लाल ७२ टक्क्यांवर, दुसऱ्यात १९ वर, तिसऱ्यात ५५ वर. आता जो माणूस हजाराव्या मण्याला तिथे पोहोचला, त्याला काय दिसेल? ७२ टक्के लाल, कालही ७२, आजही ७२. तो खात्रीने म्हणेल की या मडक्याचा स्वभावच लाल आहे. पहिल्या पाच-सात मण्यांत काय घडलं ते त्याने पाहिलेलं नसतं. अमेरिकेतल्या संगीताच्या आवडीविषयी आज ठाम बोलणारे आपण सगळे असेच उशिरा आलेलो आहोत.

गाण्यांच्या प्रयोगातली माणसं नाणं आणि मडकं यांच्या मध्ये कुठेतरी होती. त्यांना कान होते, म्हणून अगदी वाईट गाणी वर आली नाहीत. पण त्यांच्यापुढे आकडेही होते.

इथून निवडणुकीच्या राजकारणाकडे जायला वेगळा पूल बांधावा लागत नाही, तो कॉर्नेल विद्यापीठात आधीच बांधला गेला आहे. मायकेल मेसी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हीच अनेक जगांची रचना पक्षीय मतांना लावली. चार हजारांहून अधिक अमेरिकन लोकांना असे प्रश्न विचारले, ज्यांवर पक्षांच्या भूमिका अजून ठरलेल्या नव्हत्या. स्वतंत्र गटांत लोकांनी कुणाचं न पाहता उत्तरं दिली. बाकी जगांत आधीच्यांपैकी डेमोक्रॅट या मताकडे झुकले आहेत की रिपब्लिकन, ते दिसायचं. इथे मडक्याला आणखी एक पीळ पडतो: आपल्या पक्षाचा मणी मला ओढतो आणि समोरच्या पक्षाचा मणी मला दूर ढकलतो. त्यामुळे दरी आणखी वेगाने वाढते. निकाल असा की एका जगात शाळेत अभिजात ग्रंथ शिकवण्याच्या बाजूने डेमोक्रॅट उभे राहिले आणि रिपब्लिकन विरोधात गेले. दुसऱ्या जगात नेमकं उलट. प्रत्येक जगातल्या माणसाला मात्र आपलं मत आपल्या मूल्यांतूनच आलं आहे, असं वाटायला पूर्ण वाव होता.

मेसी यांनीच डॅनियल डेलापोस्टा आणि योंगरेन शी यांच्यासह २०१५ मध्ये दाखवलं होतं की जीवनशैलीलाही हेच लागू पडतं. उदारमतवादी म्हणजे लाटे (ही दुधाळ कॉफी) पिणारे, असा तिकडे एक समज आहे; पण याला कॉफीत काहीही कारण नाही. माणसं आपल्यासारख्यांत वावरतात आणि वावरता वावरता एकमेकांच्या आवडी उचलतात. एवढ्या दोन गोष्टी पुरल्या की सुरुवातीचा बारीकसा फरक फुगत जातो. शेवटी कॉफी, गाडी, गाणं आणि गर्भपातावरचं मत यांचा बादरायण संबंध पक्का होतो आणि पाहणीत खणखणीत आकड्यांनी दिसू लागतो.

अमेरिकेत रिपब्लिकन राज्यं लाल आणि डेमोक्रॅटिक राज्यं निळी, हे रंगसुद्धा असेच ठरले. १९८० मध्ये एनबीसी वाहिनीच्या नकाशावर रिपब्लिकन उमेदवार रेगन यांनी जिंकलेली राज्यं निळी होती. आजचे रंग रुजले ते २००० सालच्या, आठवडेच्या आठवडे लांबलेल्या मतमोजणीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. सगळे पहिले मणी आंधळेपणाने पडलेले नव्हते. १९२० च्या दशकात अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतलं संगीत दोन खणांत विभागलं: कृष्णवर्णीयांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. गाणारे एकमेकांच्या चाली सर्रास घेत होते, बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी घडवलेलं होतं आणि ऑप्रीच्या सुरुवातीच्या ताऱ्यांत डेफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता. तरी विक्रीसाठी सुरांना कातडीचा रंग लावला गेला. पुढे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या प्रश्नावर पक्षांनी जागा बदलल्या आणि दक्षिणेतले बरेच गोरे मतदार रिपब्लिकन पक्षाकडे वळले, तेव्हा संगीताचे हे खण तयारच होते. म्हणून 'सगळा योगायोग' असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मडकं कुठला मणी वाढवेल हे योगायोग ठरवतो, पण काही मणी माणसांनी जाणूनबुजून टाकलेले असतात.

'तुमची प्लेलिस्ट सांगा, तुमचा स्वभाव सांगतो' ही चाचणी राशीनुसार आवडीचं गाणं सांगणाऱ्या भविष्याइतकीच पोकळ आहे, आणि तिच्या जोरावर निवडणुका फिरवल्याचे दावेही मी त्याच पंक्तीत बसवतो. फेसबुकवरची माहिती घेऊन निवडणूक प्रचार करणाऱ्या केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीभोवती मनं वाचणाऱ्या जादूचं केवढं वलय उभं राहिलं होतं! ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये चौकशी संपवताना सांगितलं की तिच्या पद्धती बहुतांशी बाजारात सर्रास मिळणाऱ्याच होत्या. लोकांची माहिती परवानगीशिवाय घेतली गेली हा गुन्हा गंभीरच, पण जादू त्यात नव्हती. गायकांच्या पाठिंब्याचंही तसंच. १० सप्टेंबर २०२४ रोजी टेलर स्विफ्टने कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला, तेव्हा तिने दिलेल्या दुव्यावरून २४ तासांत सुमारे ४ लाख ६ हजार लोक मतदार नोंदणीची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर पोहोचले. निवडणूक ट्रम्प जिंकले. २०१८ मध्ये तिने टेनेसीत ज्यांची बाजू घेतली होती ते सिनेटचे डेमोक्रॅटिक उमेदवार फिल ब्रेडेसनही हरले. तोवर मडक्यात लाखो मणी पडलेले असतात. एकाच्या मुठीतले मणी कितीही चमकदार असले तरी प्रमाण फारसं हलत नाही.

सुरुवातीच्या मण्याला मात्र मोल असतं, आणि हे अमेरिकन पक्षांना गणिताशिवायही पक्कं ठाऊक आहे. अध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना राज्यं एकाच दिवशी मत देत नाहीत, एकामागून एक देतात. १९७६ मध्ये सर्वांत आधी कौल देणाऱ्या आयोवा राज्यात सर्वांत जास्त, ३७ टक्के, कौल 'अजून कुणीच नाही' याला होता. जिमी कार्टर सुमारे २८ टक्क्यांवर होते. तरी उमेदवारांत ते पुढे म्हणून बातम्या त्यांच्या झाल्या, पैसा आणि स्वयंसेवक त्यांच्याकडे वळले आणि जॉर्जियाचा हा फारसा माहीत नसलेला माजी गव्हर्नर अध्यक्ष झाला. दर वेळी असं होत नाही. २०२० मध्ये जो बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे होते; साउथ कॅरोलायनाने त्यांना उचललं. म्हणूनच २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या मतदानाचा मान साउथ कॅरोलायनाला, ३ फेब्रुवारीला, देऊ केला. आपलीच प्राथमिक निवडणूक देशात पहिली असली पाहिजे असा न्यू हॅम्पशायरचा राज्य कायदा आहे. पक्षाचा आदेश बाजूला ठेवून त्या राज्याने २३ जानेवारीलाच मतदान उरकून घेतलं. बायडेन यांनी तिथे नाव नोंदवलंच नव्हतं. तरी मतदारांनी मतपत्रिकेवर ते स्वतः लिहिलं आणि त्यांना जिंकवलं.