स्थिर व्यूहनीती (पोकर)

पोकर खेळताना कोणत्या पानांवर डावात उतरायचे, किती रक्कम लावायची आणि पाने केव्हा टाकून द्यायची याचे स्वतःचे नियम आधी ठरवणे व मधल्या हार-जितीमुळे ते न बदलणे, याला स्थिर व्यूहनीती म्हणतात. टेक्सस होल्डेम या लोकप्रिय प्रकारात तिचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे.

होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात. 52 पत्त्यांतून अशा 1,326 जोड्या होतात. दोन एक्के सरासरी 221 डावांत एकदा हाती येतात, आणि बादशहांच्या जोडीसमोर टेबलावरची पाचही सामाईक पाने उघडेपर्यंत खेळल्यास साधारण 18 टक्के वेळा तेही हरतात. निर्णय अचूक असूनही पैसे जातात; चुकीच्या निर्णयावर पैसे मिळतात. त्यामुळे एका डावाच्या निकालावरून खेळ जोखणे व्यर्थ असते. हरल्यावर चिडून हलक्या पानांवर मोठ्या रकमा लावत सुटण्याला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात. सलग जिंकल्यावर येणारा बेफिकीरपणाही तितकाच महागात पडतो, पण त्याची चर्चा फारच कमी होते.

मात्र चांगल्या पानांवर नेहमी रक्कम वाढवायची आणि वाईट पाने नेहमी टाकायची, एवढ्यालाच स्थिरता समजले तर प्रतिस्पर्ध्याला सगळे उघडे दिसते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी पोकरच्या सोप्या प्रतिकृतीवरून दाखवले, की उत्तम पानांबरोबर अगदी टाकाऊ पानांवरही काही वेळा पैसे लावावेत. मधल्या दर्जाच्या पानांवर लावू नयेत. ब्लफ, म्हणजे वाईट पानांवर चांगली असल्यासारखे पैसे लावणे, हा हिशेबाचाच भाग आहे. समजा, शेवटच्या फेरीत पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेत, 100 रुपये आहेत आणि आपण आणखी 100 लावले. समोरच्याला 200 मिळवण्यासाठी 100 घालावे लागतात. आपल्या अशा तीन चालींपैकी एक ब्लफ असेल, तर समोरचा कॉल करो (तितकेच पैसे घालो) वा पाने टाको, दीर्घकाळात त्याला फरक पडत नाही. इथे प्रमाण पक्के असते. नेमका कोणता डाव ब्लफ करायचा हे नशिबावर सोडले जाते. त्यासाठी काही जण घड्याळाचा सेकंदकाटा पाहतात.

या विचाराची सर्वांत शुद्ध कसोटी संगणकावर लागली. अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सेफियस’ या संगणक प्रोग्रामने 2015 मध्ये दोघांचा मर्यादित बोलीचा होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला. सेफियस समोरच्याला ओळखत नाही, त्याच्या सवयीही शिकत नाही. प्रत्येक स्थितीसाठी ठरलेल्या शक्यतांप्रमाणे खेळतो. 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या प्रोग्रामने पिट्सबर्गला चार व्यावसायिकांविरुद्ध 1,20,000 डाव खेळून मोठी आघाडी घेतली. दिवसभरात उघड्या पडलेल्या उणिवा तो रात्री गणित करून बुजवत असे. माणसांनीही दुरुस्ती अशीच, टेबलावरून उठल्यावर करावी.

या पद्धतीला मर्यादा आहेत. समोरचा ढिसाळ खेळत असेल, तर समतोल चालीपेक्षा त्याच्या चुका हेरून केलेली चाल जास्त कमावते. न हरण्याची सैद्धांतिक हमी मुळात दोघांच्याच खेळाला आहे. सहा जणांच्या टेबलावर 2019 मध्ये जिंकलेल्या ‘प्लुरिबस’ या प्रोग्रामकडेही ती नव्हती. शिवाय अनेक कसिनो प्रत्येक पॉटमधून ‘रेक’, म्हणजे आपला वाटा, कापतात, म्हणून सारख्याच कुवतीचे खेळाडू बसले तर त्या कापलेल्या रकमेइतका तोटा सरासरीने सगळ्यांच्या वाट्याला येतो.