अणुभट्टीचा परवाना आणि पोलादाचं वय

‘चाळीस वर्षांचं आयुष्य संपलं तरी भट्टी चालूच’ असं वाक्य जुन्या अणुवीजकेंद्राच्या बातमीत हमखास असतं. वाचणाऱ्याला वाटतं, औषधाच्या बाटलीवर छापतात तशी मुदत भट्टीवरही कोरलेली असणार. तसं काही नसतं. चाळीस वर्षांचा हा आकडा अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यातला आहे. तो ठरवताना विचार झाला तो भांडवलाची परतफेड आणि मक्तेदारीला आळा यांचा. पोलाद चाळीस वर्षं टिकेल की साठ, याचा त्यात काही संबंध नव्हता. पुढे अभियंत्यांनी काही भागांची गणितं याच आकड्यावर बांधली, आणि मुदत संपत आली तेव्हा प्रश्न उभा राहिला: आणखी वीस वर्षांचा परवाना द्यायचा, तर तपासायचं काय?

या प्रश्नावर एका स्थानिक सरकारने केंद्रीय नियामकाशी वर्षानुवर्षं वाद घातला. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या पूर्व काठावर, बुकॅनन नावाच्या गावात इंडियन पॉइंट अणुवीजकेंद्र होतं. न्यूयॉर्क शहराची हद्द तिथून सुमारे ४० किलोमीटरवर. दुसऱ्या आणि तिसऱ्या युनिटची मिळून क्षमता २००० मेगावॉटच्या वर. परवान्यांची मुदत २०१३ आणि २०१५ मध्ये संपणार होती. हे केंद्र ज्या वेस्टचेस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येतं, तिचे प्रमुख अँड्र्यू स्पॅनो यांनी २००५ मध्ये अणु नियामक आयोगाकडे अर्ज केला. मागणी साधी होती. नवं केंद्र उभारताना जे निकष लावता, तेच जुन्या केंद्राच्या परवान्याच्या नूतनीकरणालाही लावा. आजूबाजूची लोकसंख्या किती वाढली, रस्ते किती भरले, लोकांना वेळेत बाहेर काढता येईल का, हे सगळं पुन्हा तपासा.

आयोगाने २००६ मध्ये नकार दिला आणि २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. आयोगाचं म्हणणं असं, की आपत्कालीन नियोजन, भूकंप, पहारा या गोष्टींवर आमची रोजच देखरेख असते, त्यासाठी नूतनीकरणाची वाट पाहावी लागत नाही. नूतनीकरणात फक्त वार्धक्य तपासायचं. तेही सगळ्या यंत्रांचं नाही. पंप, मोटारी, झडपांची हलणारी यंत्रणा हे भाग बिघडले की नेहमीच्या चाचण्यांत कळतं. म्हणून छाननी होते ती गपगार बसलेल्या, वर्षानुवर्षं न बदलल्या जाणाऱ्या भागांची: दाबपात्र (इंधन आणि पाणी ज्यात असतं ते जाड पोलादी भांडं), नळ्या, काँक्रीट, केबलची आवरणं आणि आतले आधारभाग.

अभियंत्याच्या नजरेतून ही विभागणी तर्कशुद्ध आहे. ती का केली असेल, हे समजायला पोलादाच्या आत शिरावं लागतं.

युरेनियमचं केंद्रक फुटलं की न्यूट्रॉन सुटतात. त्यांची ऊर्जा दहा-वीस लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात असते. लोखंडाचा अणू स्फटिकातल्या आपल्या जागेवरून उठवायला साधारण ४० इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. दहा लाखांचा न्यूट्रॉन लोखंडाच्या केंद्रकावर समोरासमोर आदळला, तर आपल्या ऊर्जेचा जास्तीत जास्त सात टक्के वाटा देऊ शकतो, म्हणजे सुमारे ६९ हजार. तो अणू सुटतो, शेजाऱ्यांना धडकतो, ते पुढच्यांना. एका धडकेत शेकडो अणू जागा सोडतात आणि सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही आत त्यातले बहुतेक कुठल्या ना कुठल्या मोकळ्या जागेत परत बसतात. थोडे बसत नाहीत. मागे रिकाम्या जागा उरतात आणि जाळीत घुसलेले उपरे अणू उरतात. पोलादात तांब्याचा अंश असेल तर तांब्याचे अणू या रिकाम्या जागांच्या आधाराने सरकत एकत्र येतात आणि अब्जांश मीटर मापाचे पुंजके बनवतात.

पोलाद वाकतं ते आतल्या अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून. हे पुंजके त्या घसरण्याला खिळ्यांसारखे अडवतात. पोलाद कठीण होतं, ऐकायला बरंही वाटतं, पण जे वाकत नाही ते तडकतं. प्रत्येक साध्या पोलादाला एक तापमानपट्टा असतो, ज्याच्या खाली ते काचेसारखं तुटतं आणि वर चिवट राहतं. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने हा पट्टा वर सरकत जातो. सुरुवातीला तो शून्य अंशाच्या आसपास असेल, तर काही दशकांत शंभराच्या पुढे जाऊ शकतो. जुन्या भट्ट्यांत हा त्रास वेल्डच्या सांध्यांत जास्त. त्या काळी वेल्डिंगच्या तारेला गंजू नये म्हणून तांब्याचा मुलामा देत, आणि ते तांबं थेट सांध्यात उतरलं.

भट्टी चालू असताना दाबपात्र तीनशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं, त्यामुळे ते चिवटच असतं. धोका आहे तो गळती होऊन आपत्कालीन थंड पाणी आत शिरलं तर. वीसेक सेंटिमीटर जाडीची भिंत आतून एकदम गार होऊन आकसते आणि दाब कायम असेल तर आतल्या बारीक तड्याला फाकायला निमित्त मिळतं. म्हणून अमेरिकेत संक्रमण-तापमानाला, म्हणजे ज्याच्या खाली पोलाद ठिसूळ होतं त्या तापमानाला, मर्यादा घातल्या आहेत: पत्रे आणि उभे वेल्ड यांना १३२ अंश सेल्सिअस, आडव्या गोल वेल्डना १४९. मोजायचं कसं? भट्टी सुरू करतानाच त्याच पोलादाचे नमुने कुप्यांत भरून भिंतीच्या आतल्या अंगाला टांगून ठेवतात. तिथे भिंतीपेक्षा मारा जास्त पडतो, म्हणजे नमुने भिंतीच्या पुढे धावत म्हातारे होतात. ठरावीक वर्षांनी एकेक कुपी काढायची, १० मिलिमीटर जाड, १० रुंद आणि ५५ लांब तुकड्यावर २ मिलिमीटरची खाच, आणि वरून जड लोलकाचा घाव. हीच चार्पी चाचणी. तुकडा तोडताना लोलकाची किती ऊर्जा खर्ची पडली, यावरून भिंतीचं वीस वर्षांनंतरचं वय आज वाचता येतं. एवढी साधी आणि इतकी बोलकी चाचणी दुसरी क्वचितच असेल.

दाबपात्र बदलता येत नाही. सोव्हिएत रशियाने १९८७ पासून काही भट्ट्यांची पात्रं जागेवरच सुमारे ४७५ अंशांना शंभराहून अधिक तास तापवून तांब्याचे पुंजके विरघळवले आणि चिवटपणा परत मिळवला. अमेरिकेतल्या व्यापारी भट्ट्यांत हे कधी केलं नाही.

इंडियन पॉइंटमध्ये मात्र दगा दिला तो पात्राने नव्हे, बोल्टांनी. इंधनाच्या चौकोनी जुडग्यांभोवती उभे पत्रे असतात, पाणी इंधनातूनच जावं म्हणून. हे पत्रे आडव्या कड्यांना स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी जखडलेले असतात. बोल्ट जेमतेम पाच सेंटिमीटर लांब, पण दुसऱ्या युनिटमध्ये असे ८३२. ते इंधनाला इतके खेटून असतात, की आयुष्यभरात त्यांचा प्रत्येक अणू सरासरी कित्येक वेळा, काही ठिकाणी दहाहून अधिक वेळा, जागेवरून उडवला जातो. दाबपात्राच्या भिंतीत हेच प्रमाण दर अणूमागे एकाचा छोटासा अंश असतं.

इथला बिघाड वेगळा आहे. सरकणाऱ्या रिकाम्या जागा कणांच्या, म्हणजे पोलाद ज्या बारीक स्फटिकांचं बनलेलं असतं त्यांच्या, सीमांकडे धावतात तेव्हा क्रोमियमचे अणू उलट दिशेने बाहेर ढकलले जातात, निकेल आणि सिलिकॉन सीमेवर साचतात. स्टेनलेसला ‘स्टेनलेस’ ठेवणारं क्रोमियमच नेमक्या सीमेवर कमी पडतं. त्यात बोल्टावर ताण, भोवती गरम पाणी, आणि गॅमा किरणांनी बोल्ट पाण्याहूनही गरम. या तिन्ही गोष्टी जुळल्या की डोकं आणि दांडा मिळतात त्या वळणावर कणांच्या सीमेसीमेने चीर पडत जाते. या भट्टीत आणखी एक अडचण होती. पत्र्यांच्या मागच्या पोकळीतलं पाणी वरून खाली वाहत असे, त्यामुळे मागचा दाब जास्त राहून पत्रे सतत आत ढकलले जात आणि बोल्ट ओढले जात. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर. म्हणून तुटलेले बोल्ट विखुरलेले नसतात, घोळक्याने सापडतात.

२०१६ च्या मार्चमध्ये इंधन बाहेर काढून, पाण्याखाली लांबून चालवलेल्या अल्ट्रासाउंडने एकेक बोल्ट तपासला गेला. २२७ बोल्ट सदोष निघाले किंवा तपासता न आल्याने सदोष धरावे लागले, म्हणजे सत्तावीस टक्के. डोक्याला अडकवलेली आडवी पट्टी कापून, जुना बोल्ट काढून, नवा बसवायचा अशा रीतीने २७८ बदलले. ही तपासणी नूतनीकरणासाठी आखलेल्या वार्धक्य-कार्यक्रमाचाच भाग होती, हे मुद्दाम सांगायला हवं. नियामकाची पद्धत जिथे पाहते तिथे नीट पाहते.

पण काउंटीचा प्रश्न बोल्टांचा नव्हताच. केंद्रापासून १६ किलोमीटरच्या आपत्कालीन पट्ट्यात तीन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. २००३ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचे माजी केंद्रीय प्रमुख जेम्स ली विट यांनी गव्हर्नरसाठी केलेल्या अहवालात हे नियोजन अपुरं ठरवलं. कारण सरळ होतं. ज्यांना निघायला सांगितलेलं नाही, तेही गाड्या काढतात, आणि ज्यांना खरंच निघायचं आहे त्यांचा रस्ता अडतो. पालक आधी शाळेकडे धावतात. वेस्टचेस्टरसह आसपासच्या काउंट्यांनी त्या वर्षी नियोजनाला वार्षिक मान्यतेचं पत्र द्यायचं नाकारलं, तरी केंद्र सरकारने त्याला मंजुरी दिली. पोलादाचं वय मोजायला लोलक आहे. गावाचं वय वाढलं, वस्ती दाट झाली, तर नूतनीकरणाच्या फाइलीत त्याला रकानाच नाही. काउंटीची तक्रार इथे शंभर टक्के रास्त होती असं माझं मत आहे.

आपत्कालीन पट्ट्यात आयोडीनच्या गोळ्या वाटतात, त्याबद्दल एक गैरसमज. २०११ मध्ये फुकुशिमानंतर चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांत झुंबड उडाली. प्रौढाच्या १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. किलोभर मिठात ते साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीसाठी तीन किलोहून जास्त मीठ खावं लागेल, आणि जीव मिठानेच जाईल. गोळीही थायरॉइड ग्रंथीपुरतीच, किरणोत्सारी आयोडीन शरीरात जायच्या थोडं आधी किंवा पहिल्या काही तासांतच उपयोगी. बाकी कोणत्याही किरणोत्सारावर तिचा इलाज नाही.

इंडियन पॉइंट शेवटी २०१७ मध्ये झालेल्या समझोत्याने बंद झालं: दुसरं युनिट ३० एप्रिल २०२० ला, तिसरं ३० एप्रिल २०२१ ला. बुकॅनन गावाच्या आणि तिथल्या शाळांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गेला, आणि राज्यात विजेसाठी नैसर्गिक वायू जास्त जाळावा लागला. काउंटीच्या पारड्यात हेही होतं.

आपल्याकडे तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ ची, याच पिढीतली. भारतात परवाना एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो आणि दर दहा वर्षांनी सर्वंकष सुरक्षा आढावा होतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शिकेत अशा आढाव्याचे १४ घटक आहेत, त्यांत आपत्कालीन नियोजनही येतं. वेस्टचेस्टरला जे मागून मिळालं नाही, त्याला इथे निदान कागदावर जागा आहे. केंद्राबाहेरच्या आपत्तीची जबाबदारी पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांवर येते आणि पट्टा तोच, १६ किलोमीटरचा. १९६९ नंतर त्याच पट्ट्यात बोईसरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिथल्या ग्रामपंचायतींनी पुढच्या आढाव्यात विचारावं: कारखान्यांची पाळी सुटताना रस्ता मोकळा व्हायला किती वेळ लागतो, हे शेवटचं कधी मोजलं? शाळांसाठी बस कोणत्या आगाराच्या? आणि आयोडीनच्या गोळ्यांच्या पाकिटावर तारीख कोणती?