आशा स्वयंसेविकांचा कामावर आधारित मोबदला

भारतातील ग्रामीण व आदिवासी वस्त्यांपर्यंत आरोग्यसेवा पोहोचवणाऱ्या आशा स्वयंसेविकांना ठरावीक पगार न देता प्रत्येक पूर्ण केलेल्या कामामागे रक्कम देण्याची ही शासकीय पद्धत आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून ती अमलात आहे. साधारण एक हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमली जाते. डोंगराळ व आदिवासी भागात पाड्यागणिकही नेमता येते. आशा त्याच गावात राहणारी, बहुधा गावची सून असावी, अशी अपेक्षा असते. कागदोपत्री ती कर्मचारी नसून ‘स्वयंसेविका’ आहे आणि तिच्या मोबदल्याविषयीचे बहुतेक वाद या एका शब्दापाशी येऊन ठेपतात.

रुग्णालयात बाळंतपण व्हावे यासाठी असलेल्या जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातील आशेला एका बाळंतपणामागे ६०० रुपये मिळतात: निम्मे गरोदरपणातील तपासण्यांसाठी, निम्मे रुग्णालयातील प्रसूतीसाठी. महाराष्ट्रात ही योजना मुख्यतः दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांपुरती असल्याने इतर गरोदर महिलांसाठी तीच धावपळ करूनही ही रक्कम हाती येत नाही. बाळाचे पहिल्या वर्षातील लसीकरण पूर्ण झाल्यास १०० रुपये मिळतात.

गृहाधारित नवजात बालसंगोपनाचा दर या पद्धतीचे गुणदोष सर्वांत स्पष्ट दाखवतो. या कार्यक्रमामागे डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे गडचिरोलीतील काम आहे; गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन घेतलेल्या काळजीने नवजात मृत्यू घटतात, हे त्या कामाने १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दाखवून दिले. शासनाने २०११ पासून हे काम आशांकडे सोपवले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा आणि घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी, आणि या साऱ्या भेटींचे मिळून २५० रुपये. वजनाची व जन्माची नोंद, सुरुवातीच्या लसी आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई व बाळ सुखरूप असणे, अशा अटी मूळ मार्गदर्शक सूचनांत घातलेल्या होत्या. अटींमुळे नोंदी नीट होतात हे खरे. पण जे मूल वाचवण्यासाठी सर्वाधिक फेऱ्या घालाव्या लागतात, त्याच्याच बाबतीत मोबदला हुकण्याची शक्यता अधिक, ही विसंगतीही त्यातच आहे.

मोजता न येणारे काम बिनमोलाचे राहू नये म्हणून घरोघरचे सर्वेक्षण, याद्या, मासिक बैठका अशा नियमित कामांसाठी केंद्राने दरमहा १,००० रुपये ठरवले आणि ऑक्टोबर २०१८ पासून ते २,००० केले. कोविडकाळात दरमहा १,००० रुपयांची तात्पुरती भर पडली. राज्ये स्वतःची रक्कम वेगळी देतात, त्यामुळे सारखेच काम करणाऱ्या दोन राज्यांतील आशांच्या कमाईत मोठी तफावत पडते. महाराष्ट्रात २०२३-२४ मधील संप आणि आझाद मैदानावरील आंदोलनानंतर राज्याने दरमहा ५,००० रुपयांची वाढ दिली.

आशांसह सर्व योजना कर्मचाऱ्यांना, म्हणजे शासकीय योजनांसाठी राबणाऱ्यांना, कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस सरकार, कामगार व मालक यांचे प्रतिनिधी असलेल्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली होती. ती अमलात आलेली नाही. प्रत्यक्षात मात्र स्थिर रकमेचा वाटा वाढत गेल्याने ही पद्धत मानधनाकडे सरकत आहे. केंद्राने २०२५ मध्ये दरमहा २,००० रुपयांचे ३,५०० रुपये केले, तर दहा वर्षे सेवा करून बाहेर पडणाऱ्या आशेला मिळणारी एकरकमी रक्कम २०,००० वरून ५०,००० रुपयांवर नेली.