ज्याचं सामान आलं, त्याने कामाला लागावं

एक्सेलमध्ये एखादा आकडा बदलून बघा. त्यावर अवलंबून असलेली बेरीज बदलते, बेरजेवर बेतलेली टक्केवारी बदलते, बाकीचे आकडे जागचे हलत नाहीत. कुठलं सूत्र आधी सोडवायचं हे आपण सांगितलेलंच नसतं, तरी उत्तर बरोबर येतं. डेटाफ्लो प्रोग्रॅमिंगचा गाभा हाच.

नेहमीचा प्रोग्रॅम ओळीमागून ओळ चालतो. प्रोसेसर दरवर्षी वेगवान होत होते तोवर त्यात काही अडत नव्हतं. पण २००४ मध्ये इंटेलचा पेन्टियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झला पोचला आणि तिथेच अडला. त्यापुढे चिप फार तापत होती. मग एकाच चिपवर दोन, चार, आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे प्रोसेसर, आले. वेग वाढेना, म्हणून हात वाढवले.

हात वाढले की भांडणं आलीच. समजा, मेमरीत १०० हा आकडा आहे आणि दोन थ्रेडना, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन भागांना, त्यात प्रत्येकी १ मिळवायचा आहे. पहिल्याने १०० वाचला. त्याने १०१ लिहायच्या आत दुसऱ्यानेही १०० वाचला. दोघांनी १०१ लिहिलं. हवे होते १०२. हा प्रोग्रॅम हजार वेळा बरोबर चालून एखाद्याच वेळी चुकतो, म्हणून चूक सापडता सापडत नाही. कुलूप लावावं, म्हणजे लॉक वापरावा, तर दोन थ्रेड एकमेकांच्या कुलपाची वाट बघत कायमचे अडकून पडू शकतात.

डेटाफ्लोमध्ये सामायिक आकडा ठेवायचाच नाही. (अ + ब) × (क − ड) हे गणित घ्या. बेरजेला वजाबाकीची गरज नाही, तेव्हा दोन्ही दोन कोअरवर एकदम होऊ द्यात. गुणाकार मात्र दोन्ही उत्तरं हातात येईपर्यंत थांबेल. क्रम ठरवतो तो डेटा. जिल कान या फ्रेंच संशोधकाने १९७४ मध्येच सिद्ध केलं होतं, की प्रत्येक प्रक्रिया ठरलेलंच काम करत असेल, फक्त रांगांमधून डेटाची देवघेव करत असेल आणि रांग रिकामी असताना मुकाट थांबत असेल, तर कोण जलद चाललं, कोण रेंगाळलं, याने निकालात तिळमात्र फरक पडत नाही. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जॅक डेनिस यांनी असे संगणकच बांधायचं मनावर घेतलं. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अरविंद यांनी ते काम तिथे पुढे नेलं; त्यांच्या एका यंत्राचं नाव होतं ‘मान्सून’. ही यंत्रं बाजारात रुजली नाहीत. एवढ्याशा बेरजेसाठीही तिचे दोन आकडे हुडकून जुळवायचे, हा हिशेब महाग पडत होता. मोठ्या कामांच्या तुकड्यांना मात्र तीच कल्पना चपखल बसली. २०१५ मध्ये गुगलने खुलं केलेलं टेन्सरफ्लो हे मशीन लर्निंगचं सॉफ्टवेअर नावातच ती मिरवतं. एक्सेलही २००७ च्या आवृत्तीपासून एकमेकांवर न विसंबणारी सूत्रं वेगवेगळ्या कोअरना वाटून देतं.

अर्थात, सूत्रं तशी असली तर. कर्जाच्या तक्त्यात प्रत्येक महिन्याची बाकी मागच्या महिन्याच्या बाकीवरून काढलेली असेल, तर साठ हप्त्यांची ती साखळी एकामागून एकच सोडवावी लागते. आठ कोअर असले तरी सात बसून राहतात.