क्रीडांगण विकास अनुदानाचा प्रस्ताव सातबाऱ्यापाशी का अडतो?

गावाला मैदान असते, पण पावसाळ्यात त्याचे तळे होते आणि उन्हाळ्यात ढेकळे उरतात. ते सपाट करून कुंपण घालायचे म्हटले तर ग्रामपंचायतीच्या स्वनिधीत तेवढी रक्कम नसते. यासाठी राज्याच्या क्रीडा व युवक सेवा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे. पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो आणि प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. कमाल मर्यादा म्हणून बरीच वर्षे ७ लाख रुपये छापले जात आले आहेत. तरी आपल्या जिल्ह्याच्या यंदाच्या सूचनेत, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीत, जो आकडा असेल, तोच धरा. शेजारच्या जिल्ह्याचा जुना कागद व्हॉट्सअॅपवर फिरत असतो, त्यावर विसंबू नका.

कोणती कामे बसतात, याची यादी ऐसपैस आहे: जमीन समपातळी करणे, २०० किंवा ४०० मीटरचा धावनमार्ग, भिंतीचे किंवा तारेचे कुंपण, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलची मैदाने, प्रसाधनगृह, चेंजिंग रूम, पिण्याचे पाणी, भांडारगृह, फ्लड लाइट, प्रेक्षकांची बैठक, मैदानाला पाणी मारायला स्प्रिंकलर, छोटा रोलर. ज्याला सगळे ग्रीन जिम म्हणतात त्या खुल्या व्यायामशाळेचे साहित्य मात्र यात मागू नका. ते त्याच कार्यालयाच्या व्यायामशाळा विकास अनुदान योजनेत येते. दोन्ही एका प्रस्तावात कोंबले की फाइल परत येते. प्रस्ताव दोन करा, ठरावही दोन.

अर्जदार म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका, शासकीय आश्रमशाळा, शासनमान्य अनुदानित शाळा वगैरे. शाळेला अनुदान सुरू होऊन किती वर्षे झालेली हवीत, हे सूचनेत वाचा. नोंदणी नसलेल्या तरुण मंडळाने स्वतः अर्ज करण्यात वेळ घालवू नये, ग्रामपंचायतीमार्फत जावे.

आता मूळ दुखण्याकडे. मैदानाचा प्रस्ताव पैशाच्या आकड्यावरून क्वचितच अडतो. तो जागेच्या कागदावर अडतो, आणि हा कागद सूचना निघाल्यावर पळापळ करून मिळणारा नसतो.

पहिला घोळ ‘आठ’चा. सूचनेत जागेच्या मालकीचा पुरावा मागितलेला असतो आणि लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ जोडतात. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. कर कोणाच्या नावावर लागतो एवढेच त्यातून कळते, मालकी सिद्ध होत नाही. महसूल खात्याचा ८-अ हा तिसराच कागद, खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे ते सांगणारा. हवा असतो तो सातबारा, आणि गावठाणातली किंवा शहरातली जागा असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). गावठाणाला सातबारा नसतो. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झालेल्या गावांचे बरे आहे. जिथे ती झालेली नाही तिथे ग्रामपंचायतीच्या जमीन नोंदवहीचा उतारा आणि भूमी अभिलेखचा गावठाण नकाशा एकत्र जोडून आधीच क्रीडा कार्यालयाला विचारा, की हे चालेल का. उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘चालेल’चा छाननीच्या दिवशी कोणी साक्षीदार नसतो.

सातबाराही डिजिटल स्वाक्षरीचा हवा. संकेतस्थळावर फुकट दिसणाऱ्या उताऱ्यावर तो केवळ माहितीसाठी असल्याचे छापलेले असते आणि तोच प्रिंट काढून प्रस्तावाला लावला जातो. स्वाक्षरीच्या उताऱ्याला १५ रुपये लागतात. १५ रुपयांसाठी ७ लाखांची फाइल परत आलेली पाहवत नाही.

उतारा हातात आला की मालकाचे नाव आणि ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. तिथे साधारण पुढच्यापैकी काहीतरी निघते.

‘सरकार’ आणि खाली ‘गायरान’ किंवा ‘गुरचरण’. गावकरी म्हणतात, गायरान गावाचेच. ताबा ग्रामपंचायतीचा असला तरी मालकी सरकारची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या निकालानंतर राज्याने १२ जुलै २०११ रोजी गायरानाबाबत कडक शासन निर्णय काढला, आणि पुढे जमीन महसूल संहितेत कलम २२-अ घालून गायरानाचा वापर बदलण्यावर आणखी बंधने आणली. पोरे तीस वर्षे तिथे क्रिकेट खेळत असली तरी कागदावर ते चराऊ रानच राहते. तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करावी लागते, आणि तिला महिने लागतात. ग्रामसभेच्या ठरावाने हे काम होत नाही, ठराव कितीही जोरात झाला तरी.

‘झुडपी जंगल’. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा शेरा दिसला तर आधी थांबा. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाला वनच मानले आहे, म्हणजे वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी आली. ७ लाखांच्या मैदानासाठी त्या वाटेला जाण्यापेक्षा दुसरी जागा शोधणे शहाणपणाचे.

संस्थेऐवजी माणसाचे नाव. शाळा संस्थेची आणि मैदान संस्थापकाच्या वैयक्तिक नावावर, हे शिक्षण संस्थांमध्ये सर्रास आढळते. संस्थापक वारले की वारसांची नावे चढतात आणि चौघांतला एक संमती देत नाही. अशा वेळी मुद्रांकावर संमतीपत्र करून नोटरीचा शिक्का मारून आणतात. ते उपयोगाचे नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणी कायदा १९०८ तसे सांगतो. किती वर्षांचा पट्टा हवा ते सूचनेत पाहा. जागा दुसऱ्या सार्वजनिक न्यासाची असेल तर पुढची पायरी धर्मादाय आयुक्तांची: बिगरशेती जागा ३ वर्षांहून आणि शेतजमीन १० वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते. देवळापुढचे मैदान देवस्थानचे असेल तर हे हमखास पुढे येते.

शहरात वेगळीच गफलत होते. विकास आराखड्यात ‘क्रीडांगणासाठी आरक्षित’ असा शेरा पाहून नगरसेवक खूश होतात. आरक्षित म्हणजे ताब्यात आलेली जागा नव्हे. भूसंपादन झाले आहे का आणि मिळकत पत्रिकेवर पालिकेचे नाव चढले आहे का, ते पाहा. लेआउटमधल्या खुल्या जागेलाही हेच लागू. विकासकाने ती पालिकेकडे हस्तांतरित केल्याचा कागद नसेल तर ती अजून त्याचीच.

नदीकाठच्या मैदानाला पाटबंधारे खात्याकडून पूररेषेचा नकाशा मागवा. त्यावरच्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीकडच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात, प्रसाधनगृह किंवा भिंत धरली असेल तर ती बाबच उडते. मैदानावरून विजेची उच्चदाब वाहिनी जात असेल तर अंदाजपत्रकात फ्लड लाइटचे खांब धरण्याआधी महावितरणला विचारा.

मोजणीचे दोन शब्द. सातबाऱ्यावर क्षेत्र आहे, पण हद्द कुठे आहे हे ‘क’ प्रतीच्या, म्हणजे मोजणीनंतर भूमी अभिलेखकडून मिळणाऱ्या, नकाशाशिवाय कोणी सांगू शकत नाही. कुंपण मागायचे असेल तर मोजणी टाळूच नका. शेजारच्या शेतकऱ्याच्या दोन गुंठ्यांत खांब रोवले की काम थांबते आणि निधी परत जातो. भूमी अभिलेखकडे अर्ज सूचनेच्या कितीतरी आधी करायचा.

ठराव वाटतो तितका सोपा कागद नाही. ‘गावात मैदान व्हावे’ एवढ्यावर ठराव संपवलेला असतो. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, योजनेचे नाव, कोणती कामे, जागा वादमुक्त आणि अतिक्रमणमुक्त असल्याचे विधान, आणि पुढची देखभाल ग्रामपंचायत स्वखर्चाने करेल ही हमी हवी. सूचक आणि अनुमोदक यांची नावे, सभेची तारीख, ठराव क्रमांक. मासिक सभेचा ठराव मागितला आहे की ग्रामसभेचा, हे दोनदा वाचा. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. नेहमीच्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. सूचना नोव्हेंबरात निघाली आणि ठराव नसला तर विशेष ग्रामसभा बोलवा, प्रजासत्ताक दिनाची वाट पाहत बसू नका.

एककांचा गोंधळ इथेच शिरतो. ठरावात एक एकर, सातबाऱ्यावर ०.४० हेक्टर आणि अंदाजपत्रकात ४०४७ चौरस मीटर. तिन्ही आकडे ‘साधारण तेच’ असले तरी छाननी करणारा कारकून त्यावर लाल गोल काढतोच. सगळीकडे सातबाऱ्याचाच आकडा लिहा.

आणि त्या क्षेत्रात काय मावते तेही बघा. आठ लेनच्या ४०० मीटर धावनमार्गाला बाहेरून बाहेर सुमारे १७७ बाय ९३ मीटर लागतात, म्हणजे चार एकरांहून थोडे जास्त. एका एकरावर ४०० मीटरचा ट्रॅक मागणारे प्रस्ताव दरवर्षी येतात. २०० मीटरचा चार लेनचा धावनमार्गही १८ मीटर त्रिज्येच्या वळणांनी आखला तर ८८ बाय ४६ मीटर खातो. म्हणजे ०.४० हेक्टरात तोसुद्धा काठोकाठ मावत नाही. अशा जागेवर कबड्डी (१३ बाय १०), खो-खो (२७ बाय १६) आणि व्हॉलीबॉल (१८ बाय ९, भोवती ३ मीटर मोकळे) हे तिन्ही आरामात बसतात. लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळी एका संघाच्या डोळ्यांत ऊन.

अंदाजपत्रक चालू वर्षाच्या राज्य दरसूचीवर हवे. मागच्या वर्षीचे अंदाजपत्रक तारीख बदलून लावले की दरांवरून लगेच कळते. वस्तू व सेवा कर आणि १ टक्का कामगार उपकर मर्यादेच्या आतच बसवायचे असतात. ७ लाखांचे काम धरून वर कर लावणारे प्रस्ताव ८ लाखांच्या पुढे जातात आणि वरचा पैसा कोण देणार, याचे उत्तर ठरावात नसते. मुरूमही कमी धरला जातो. ६० बाय ४० मीटरवर दाबून १५ सेंटिमीटरचा थर हवा, तर ते ३६० घनमीटर झाले, म्हणजे १२७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पण रोलरखाली मुरूम बसतो, म्हणून सैल माल १७० ब्रासच्या आसपास आणावा लागतो. त्यावर गौण खनिजाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) आहेच. ब्रासला ६०० रुपये धरले तर १७० ब्रासचे १ लाख २ हजार होतात. ही बाब विसरली की अर्ध्या मैदानात मुरूम संपतो.

मग येते ती सगळ्यात वैतागवाणी जागा. क्रीडा कार्यालय म्हणते, तांत्रिक मान्यता, म्हणजे अंदाजपत्रकाला अभियंत्याची मंजुरी, आणा. बांधकाम विभागाचा अभियंता म्हणतो, आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे कामाला आणि खर्चाला मंजुरी, दाखवा, त्याशिवाय तांत्रिक मान्यता देता येत नाही. आणि प्रशासकीय मान्यता तर या प्रस्तावातूनच मिळायची असते. दोन्ही कार्यालये आपापल्या नियमाने बरोबर आहेत आणि हेलपाटे सरपंचांचे. यावर मार्ग असा: अभियंत्याकडे मान्यता मागण्याऐवजी तपासून स्वाक्षरी केलेले अंदाजपत्रक आणि नकाशा मागा, आणि एवढे प्रस्तावासाठी पुरेसे आहे का हे क्रीडा कार्यालयाकडून लेखी घ्या. पुरेसे नाही म्हणाले तर त्यांचेच पत्र अभियंत्याला दाखवा.

मुदतीबद्दल. शेवटची तारीख म्हणजे त्या दिवशी कार्यालयीन वेळेत प्रस्ताव आवकमध्ये पडलेला हवा. त्या दिवशी स्पीड पोस्ट केल्याची पावती चालत नाही. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी ३१ मार्चला संपतो. मध्ये निवडणुकीची आचारसंहिता आली तर नवे काम थांबते, पण ३१ मार्च काही पुढे जात नाही. बंधपत्रासाठी १०० रुपयांचा जुना मुद्रांक वापरू नका. ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० रुपयांचा लागतो.

मंजुरीचा आदेश येण्याआधी काम सुरू करू नका. ‘पावसाच्या आत उरकून टाकू, बिल नंतर लावू’ हा सल्ला गावात कोणी ना कोणी देतोच. आदेशाच्या तारखेआधीच्या मोजमापाचे पैसे मिळत नाहीत. कुंपण, सपाटीकरण आणि ट्रॅक यांचे तुकडे पाडून निविदा टाळायचा मोहही लेखापरीक्षणात महागात पडतो. आणि मागच्या कुठल्याही अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) बाकी असेल तर ते आधी द्या. दहा वर्षांपूर्वीच्या ५० हजारांच्या साहित्य अनुदानाचा कागद नसल्याने आज फाइल अडू शकते, आणि तेव्हाचे मुख्याध्यापक निवृत्त झालेले असतात.

काम झाल्यावर मोजमाप पुस्तिका, अभियंत्याचा पूर्णत्वाचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र आणि अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे जातात. यातली कामापूर्वीची छायाचित्रे नंतर मिळवता येत नाहीत. जेसीबी मैदानात येण्याच्या आदल्या दिवशी चारही कोपऱ्यांतून फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोत शाळेची भिंत किंवा पाण्याची टाकी अशी एक तरी न हलणारी खूण येऊ द्या.