पालवी फुटली म्हणजे मुळे धरली असे नव्हे

वसंतात कुंडी बदललेल्या बोन्सायला दोन-तीन आठवड्यांत कोवळी पालवी येते. झाड लागले असे समजून ते लगेच कडक उन्हात ठेवले जाते, खतही दिले जाते. झाडे दगावतात ती बऱ्याचदा याच टप्प्यावर. ही पहिली पालवी नव्या मुळांच्या बळावर फुटत नाही. मागच्या हंगामात खोडात, फांद्यांत आणि जाड मुळांत साठलेल्या स्टार्चवर ती निघते. म्हणजे वरून झाड हिरवेगार दिसत असताना खाली पाणी शोषणारी मुळे जेमतेम फुटू लागलेली असतात.

कुंडी बदलताना साधारण एक तृतीयांश मुळे छाटली जातात. उरलेली मुळे विंचरून जुनी माती काढताना त्यांच्या टोकांजवळचे नाजूक, केसासारखे मूलरोमही तुटतात, आणि पाणी शोषण्याचे बरेचसे काम तर तेच करतात. म्हणून कुंडी बदलायला डोळे (फांद्यांवरचे पानांचे अंकुर) फुगलेले, पण उघडलेले नाहीत, अशी वेळ पकडायची. पाने उघडून बाष्पोच्छ्वास वाढेपर्यंत मुळांना थोडी उसंत मिळते.

झाड कुंडीत घट्ट बसले आहे ना, हे आधी पाहा. निचऱ्याच्या छिद्रांतून वर आणलेल्या तारेने मुळांचा गड्डा बांधलेला असला पाहिजे. खोड दोन बोटांत धरून हलकेच हलवा. खोडाभोवतीची माती वर उचलली गेली तर तार सैल आहे. नवी मूळटोके पांढरी आणि ठिसूळ असतात. वाऱ्याने झाड डुलले की ती तुटतात आणि झाडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पाण्याचा विषय जरा सविस्तर समजून घ्यायला हवा, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात. लागवडीनंतरचे पहिले पाणी बारीक छिद्रांच्या झारीने, तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत द्या. सुरुवातीचे गढूळ पाणी म्हणजे मातीतली धूळ. ती आत राहिली तर कणांमधल्या पोकळ्या बुजतात. त्यानंतर मात्र रोज ठरल्या वेळी पाणी घालू नका. मुळे कमी झाल्यामुळे झाड पूर्वीपेक्षा कमी पाणी उचलते, माती जास्त काळ ओली राहते आणि ज्या मुळांना फुटव्यासाठी प्राणवायू हवा ती गुदमरतात. बोन्सायच्या उथळ कुंडीत हा धोका अधिक. पाणी निथळल्यावरही तळाशी मातीचा एक संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेला थर उरतो. त्याची जाडी कुंडीच्या खोलीवर नाही, तर मातीच्या कणांच्या आकारावर ठरते. म्हणून खोल कुंडीत जो थर किरकोळ वाटतो, तोच चार सेंटिमीटरच्या कुंडीत बराच भाग व्यापतो. दोन ते सहा मिलिमीटरचे कण वापरणे आणि त्याहून बारीक चाळून टाकणे यासाठीच गरजेचे असते.

पाणी दिल्यावर कुंडीची एक बाजू उचलून काही मिनिटे तिरपी धरा. आडवा धरलेला ओला स्पंज उभा केला की त्यातून आणखी पाणी गळते, तसाच इथेही साठलेला थर बराचसा निघून जातो. वाफसा, म्हणजे मातीतली योग्य ओल, ओळखायला एक लाकडी काडी कडेने मातीत खोचून दहा मिनिटांनी काढा. खालचा भाग गडद आणि ओलाचिंब असेल तर थांबा. नुसता दमट लागला तर पाणी द्या. पूर्ण सुकू मात्र देऊ नका, मूळटोकांना तेही सोसत नाही.

पाने मलूल दिसली की हात झारीकडे जातो. आधी माती तपासा. माती ओली असून पाने लोंबत असतील आणि कुंडीच्या छिद्राशी कुबट वास येत असेल, तर मुळे कुजू लागली आहेत. तिथे आणखी पाणी घातल्याने नुकसानच होईल. कुंडी तिरपी ठेवा, झाड सावलीत हलवा आणि वरचा थर सुकेपर्यंत वाट पाहा. माती कोरडी असून पानांच्या कडा करपल्या असतील तर मात्र झाड तहानलेले आहे.

पहिले दोन-तीन आठवडे कोवळे सकाळचे ऊन आणि वाऱ्यापासून आडोसा पुरतो. ताज्या लागवडीला उन्हापेक्षा कोरडा वारा जास्त त्रास देतो, कारण तो पानांतले पाणी भराभर ओढून घेतो. रात्री तापमान शून्याखाली जाणार असेल तर कुंडी गारठा न लागणाऱ्या, पण न तापवलेल्या जागी ठेवा. छाटलेल्या मुळांना हिमतडाका लवकर बसतो. ऊबदार, अंधाऱ्या खोलीत ठेवले तर फुटवे लांबट आणि कमजोर निघतात.

खताला चार ते सहा आठवडे थांबा. मातीतले क्षार वाढले की पाणी मुळांत शिरण्याऐवजी बाहेर ओढले जाते आणि टोके करपतात. शेंडे खुडण्याची घाईही नको. फुटणाऱ्या डोळ्यांत तयार होणारे ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक खाली उतरून नव्या मुळांना चालना देते आणि त्या मुळांना लागणारी साखर हीच पाने पुरवतात. आकार देण्यासाठी फांद्यांना तार गुंडाळण्याचे कामही पुढे ढकला.

पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांची सगळी जुनी माती कधीही धुऊन काढू नका. मुळांशी सहजीवन करणारी बुरशी तिच्यातच असते. फायकससारख्या (वड-पिंपळाच्या गटातल्या) उष्ण प्रदेशातल्या झाडांची कुंडी तर रात्रीचे तापमान पंधरा अंश सेल्सिअसच्या वर स्थिरावल्यावरच बदलावी.

मुळे धरल्याची खूण मातीतच दिसते. पाणी दिल्यावर पूर्वी तीन दिवस ओली राहणारी कुंडी हवा तशीच असताना दीड दिवसात वाळू लागली, पहिली पाने जून झाली आणि त्यांच्या पुढे नवे शेंडे लांबू लागले, की अर्ध्या मात्रेने खत सुरू करा आणि झाड हळूहळू नेहमीच्या उन्हात आणा. तोवर कितीही शंका आली, तरी मुळे पाहण्यासाठी झाड उपसू नका. नुकतीच फुटलेली टोके तेवढ्यानेही तुटतात.