उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, की तिची मुलं महिनाभर आमच्याकडे जळगाव जिल्ह्यातल्या यावलला राहतात. एकदा गच्चीवर कुरडया वाळत घालताना धाकट्या भाचीने विचारलं, "मामा, उन्हायामा सूर्य जवय येस का?" आजीकडून उचललेली अहिराणी आणि तळपाय पोळत असताना सुचलेला प्रश्न! त्यामागचा तिचा विचारही सरळ होता. शेकोटीजवळ सरकलं की जास्त शेकतं, मग सूर्याचंही तसंच असणार.

मी उलट विचारलं, "आपण मळ्यात भरीत-भाकरी कधी करतो?" "थंडीत!" पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती त्याच दिवसांत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा अंतर सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटर असतं. जुलैच्या सुरुवातीला ते 15 कोटी 21 लाखांवर जातं. म्हणजे मे महिन्यात आपण सूर्यापासून लांब लांब चाललेलो असतो. हे ऐकून तिचा चेहरा पडला, कारण आता तिच्याकडे कारणच उरलं नाही. मुलांना अशा वेळी लगेच उत्तर सांगू नये असं मला मनापासून वाटतं. त्यापेक्षा हातात एक काठी द्यावी.

आम्ही एक मीटरची काठी अंगणात उभी रोवली आणि रोज दुपारी सावलीच्या टोकाला खडूने खूण केली. सावली दिवसेंदिवस आखडत गेली आणि 26 मेला दुपारी 12 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास काठीच्या बुडाशीच गडप झाली. हा शून्य सावलीचा दिवस. जळगाव-धुळ्यात तो 25 मेच्या आसपास येतो, नंदुरबारला दोन-तीन दिवस उशिरा. पुढे जुलैच्या मध्यापर्यंत दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. वर्षभर उत्तरेला पडणारी सावली बाजू बदलते, हे पाहून पोरं नाचायचीच बाकी होती. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, एवढी एकच अट मी घातली होती.)

रात्री बॅटरी घेऊन बसलो. जमिनीवर सरळ झोत टाकला तर लहान, लख्ख गोल उमटतो. बॅटरी तिरपी केली की तोच उजेड लांबट पसरतो आणि फिका पडतो. डिसेंबरात दुपारचा सूर्यही आपल्याकडे जेमतेम 45 अंश वर येतो. त्यामुळे मेमध्ये एका वाफ्यावर पडणारं ऊन तेव्हा जवळजवळ दीड वाफ्यावर पसरतं. शिवाय तेव्हा दिवस सुमारे 11 तासांचा असतो आणि मेअखेर 13 तासांहून मोठा. त्यात कपाशी निघून गेलेली, भेगाळलेली काळी जमीन ऊन शोषून घेते. ओलच नसल्याने ती उष्णता पाणी वाफवण्यात खर्च होत नाही, सगळी जमीन आणि हवा तापवण्यात जाते. जूनमध्ये सूर्य इतकाच डोक्यावर असतो, पण ढग येतात, माती भिजते आणि पारा उतरतो.

हे सगळं घडतं ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून. सूर्याभोवती फिरताना हा कल दिशा बदलत नाही. आसाचं उत्तर टोक कायम ध्रुवताऱ्याकडे रोखलेलं असतं. त्यामुळे सहा महिने आपली बाजू सूर्याकडे झुकते, सहा महिने ऑस्ट्रेलियाची. तिथली मुलं जानेवारीत घामाघूम होतात.

ध्रुवतारा दाखवायला मी पोरांना पुन्हा गच्चीवर नेलं. सातपुड्याच्या काळ्या रांगेच्या वर तो एकटा स्थिर होता. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण 10 अंश झाकते. लहान मुलांचा हात आखूड, पण मूठही लहान, म्हणून त्यांनाही हे माप चालतं. भाचीने क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत मोजलं आणि दोन मुठींच्या किंचित वर तारा सापडला. 21 अंश. हेच यावलचं अक्षांश, आणि सूर्य विषुववृत्तापासून बरोबर इतका उत्तरेला सरकला की आपली सावली नाहीशी होते.

भाची नाशिकला राहते आणि नाशिकचं अक्षांश 20. जाताना ती मीटरची काठी सोबत घेऊन गेली. 22 डिसेंबरला भर दुपारी दोघांनी सावली मोजायची असं ठरलंय. माझी 99 सेंटिमीटरच्या जवळपास भरायला हवी, तिची 95.